चॉकलेटची गाठी आणि नागपूरचा मार्च

होळी जवळ आली की महाल-इतवारीच्या बाजारात गाठ्यांच्या माळा लटकू लागतात. पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या. ओवल्यासारख्या दिसतात, पण खरं तर दोऱ्याभोवती ओतलेल्या असतात. पुण्या-मुंबईकडे गाठी म्हटलं की पाडव्याची गुढी आठवते. आपल्याकडे विदर्भात ती पंधरा दिवस आधीच, होळीला, मुलांच्या गळ्यात पडते. काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीने गळ्यातली गाठी चोखत विचारलं, "मावशी, चॉकलेटची गाठी काहून नाही करत कोणी?"

मी केली. पाडव्याच्या आदल्या दुपारी स्लॅब वितळवला, फुलांच्या साच्यात ओतला, मधोमध दोरा ठेवला आणि साचा फ्रीजमध्ये ढकलला. गाठी बाहेर आली, पण कडा साच्यालाच चिकटून राहिल्या. ताटात मांडून ती कूलरसमोर ठेवली. सकाळी तिच्यावर राखेसारख्या रेघा उमटल्या होत्या. बोट लावलं तर बरबटत होतं, आणि तोडायला गेलं तर कट्‌कन तुटायच्या ऐवजी ती वाकत होती. आदल्या दिवशी हाच स्लॅब चकचकीत आणि कडक होता. मी त्यात काही घातलं नव्हतं, त्यातून काही काढलंही नव्हतं. बदलली होती फक्त आतल्या रेणूंची रचना, आणि चॉकलेटचं सगळं शास्त्र या रचनेत आहे.

आधी साखरेची गाठी बघू. कारागीर साखरेचा पाक पक्का करतो, घोटतो, आणि तो पांढरा पडू लागला की झटपट साच्यात ओततो. घोटण्यामुळे पाकात एकाच वेळी असंख्य बारीक स्फटिक तयार होतात. त्यांच्यावर प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून रंगहीन साखर दुधासारखी शुभ्र दिसते. साखरेचे रेणू एकमेकांशेजारी बसतात ते नेहमी एकाच पद्धतीने. कारागिराला सांभाळायचं ते एवढंच की स्फटिक बारीक राहावेत, मोठा रवा धरू नये. शिवाय साखर वितळायला १८० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. नागपूरच्या उन्हाने तिचं काही बिघडत नाही. पोर दिवसभर रंगात हुंदडलं तरी पाण्याने भिजल्याशिवाय गाठीचा आकार जात नाही.

चॉकलेटचं तसं नाही. चॉकलेट म्हणजे साखरेचे आणि कोकोचे अतिबारीक कण, आणि त्यांना धरून ठेवणारी कोकोच्या बियांतली चरबी, म्हणजे कोको बटर. या कोको बटरचे रेणू एकाच नव्हे, सहा पद्धतींनी रचले जाऊ शकतात. विल आणि लटन या संशोधकांनी १९६६ साली या सहा रचनांची मांडणी केली आणि त्यांना एक ते सहा असे क्रमांक दिले. वीटभट्टीवर विटा सैल रचतात, वारा खेळावा म्हणून, आणि भिंतीत त्याच विटा घट्ट बसवतात. तसंच हे. पहिली रचना सर्वांत सैल, ती १७ अंशांच्या आसपासच वितळते. चौथी साधारण २७-२८ अंशांना. पाचवी ३३-३४ अंशांना, आणि सहावी ३६ च्या आसपास.

आपल्याला हवी असते पाचवी. तिच्यात रेणू दाटीने बसतात, त्यामुळे चॉकलेट थिजताना किंचित आकसतं आणि साच्यातून आपोआप सुटतं. पृष्ठभाग गुळगुळीत होतो, म्हणून चमक येते. आणि शरीराचं तापमान ३७ असल्याने ते हातात टिकतं, तोंडात विरघळतं. विरघळताना ते जिभेची उष्णता शोषून घेतं, म्हणून चांगलं चॉकलेट क्षणभर गार लागतं. एका चरबीचा वितळणबिंदू आपल्या जिभेच्या इतका जवळ असावा, याचं मला अजून नवल वाटतं.

वितळलेलं चॉकलेट नुसतं फ्रीजमध्ये ठेवलं की घाईघाईत सैल रचना तयार होतात, कारण त्या बनायला सोप्या. मग त्या हळूहळू दाट रचनेकडे सरकू लागतात. या सरकण्यात थोडी चरबी पृष्ठभागावर येऊन नव्याने थिजते, आणि करड्या रेघा दिसतात. ही बुरशी नाही. असं चॉकलेट खायला निर्धोक असतं, फक्त दिसायला आणि चवीला उतरलेलं.

मग पाचवी रचना मिळवायची कशी? यासाठी जी पद्धत आहे, ती दही लावणाऱ्या कोणत्याही घरात चटकन कळेल: विरजण. ३०० ग्रॅम डार्क चॉकलेट असेल तर २०० ग्रॅम गरम पाण्यावरच्या कोरड्या भांड्यात ४५ अंशांपर्यंत वितळवा. या तापमानाला जुन्या सगळ्या रचना मोडतात. भांडं उतरवा आणि उरलेलं १०० ग्रॅम बारीक चिरून थोडं थोडं घालत ढवळत राहा. कारखान्यातून आलेल्या चांगल्या स्लॅबमध्ये पाचव्या रचनेचे स्फटिक असतातच. तेच इथे विरजणाचं काम करतात. दह्यात जिवाणू वाढतात, इथे स्फटिक वाढतो, म्हणजे शेजारच्या रेणूंना तो आपल्यासारखं बसायला लावतो. तापमान ३१-३२ वर आलं की थांबायचं. ३४ च्या वर गेलं तर विरजणच वितळून जातं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. मिल्क चॉकलेटला २९-३०, व्हाइटला त्याहून एखादा अंश कमी, कारण दुधातली चरबी कोको बटरच्या दाटीत शिरून ती थोडी सैल करते.

ताप मोजायचा थर्मामीटर इथे उपयोगी नाही, त्याचे आकडे साधारण ३५ पासून सुरू होतात. स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर घ्या. तो नसेल तर चॉकलेटचा ठिपका खालच्या ओठाला लावून बघा, किंचित गार लागला की झालं. मग सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. चार-पाच मिनिटांत ते चमकदार थिजलं तर ओतायला घ्या.

पण खोली कोणत्या तापमानाची? ओतलेलं चॉकलेट थिजायला २० अंशांच्या आसपासची कोरडी हवा लागते. ईस्टरला चॉकलेटची अंडी करायची पद्धत युरोपात रुजली, ब्रिटनमध्ये फ्राय कंपनीने १८७३ साली पोकळ अंडं बाजारात आणलं, ते तिथल्या थंड वसंतात. आपला वसंत वेगळा. मार्चमध्ये नागपुरात दुपारचा पारा ३५ च्या पुढे असतो. दुपारच्या खोलीत पाचवी रचनाच टिकू शकत नाही, तर तयार कुठून होणार? माझी पहिली गाठी या एका कारणानेही बिघडलीच असती. मात्र आपल्याकडे पहाटे पारा २० च्या घरात उतरतो आणि हवा कोरडी असते. चॉकलेटवाल्याला याहून चांगली खोली नको. तेव्हापासून आमच्या घरी गाठी पहाटे पाचला होते. भाची अलार्म लावून उठते, जे ती शाळेसाठी करत नाही.

कूलर मात्र बंद. वाळ्याच्या ताट्यांतून येणारा वारा गार असतो तो पाण्याचं बाष्पीभवन झाल्याने, म्हणजे त्या वाऱ्यात पाण्याची वाफ भरलेली असते. ती चॉकलेटवर बसते, वरची साखर तिच्यात विरघळते आणि वाळल्यावर खरखरीत पांढरा थर उरतो. हा चरबीच्या रेघांहून वेगळा प्रकार. पाण्याचा थेंब टाकून ओळखता येतो: साखरेचा थर असेल तर थेंब पसरतो, चरबीचा असेल तर मोत्यासारखा उभा राहतो.

वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाणी गेलं तर ते आणखी वाईट. साखरेचे कण कोरडे आणि चरबीत न्हालेले असतात, म्हणून चॉकलेट वाहतं. दोन थेंब पाणी पडलं की ते कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळ्याचा घट्ट गोळा होतो. तो पुन्हा गाठीच्या कामाचा नाही. गरम दूध भरपूर घालून त्याचा सॉस करा, फेकू नका.

आता सजावट, जी मुलांना खरी हवी असते. व्हाइट चॉकलेट रंगवून, मेंदीच्या कोनसारखा प्लास्टिकचा कोन करून नक्षी काढायची. घरात केकसाठी आणलेला पाण्यातला रंग चालत नाही, कारण वर सांगितलं तेच. रंग तेलात विरघळणारा हवा. कोणता रंग तेलात जातो हे नागपूरकराला शिकवायची गरज नाही. पोह्यांवरची तर्री लाल का दिसते? मिरचीतली लाल रंगद्रव्यं तेलात उतरतात आणि तेलाबरोबर वर तरंगतात. पण मिरचीचा तिखटपणाही तेलातच उतरतो, तेव्हा गाठी लाल करायला हा मार्ग नको. हळदीचा पिवळा रंगही तेलाचा, फोडणीत आपण रोज पाहतो. चिमूटभर हळद थोड्या गरम कोको बटरमध्ये मिसळून, पातळ कपड्यातून गाळून व्हाइट चॉकलेटमध्ये घातली की सुरेख पिवळा येतो आणि एवढ्याशा हळदीची चव जाणवत नाही. शेंदरीच्या बियांचा केशरी रंगही तेलात उतरतो. लोणी आणि चीजला रंग द्यायला तो जगभर वापरतात.

बिटाचा गुलाबी रंग पाण्यातला, तो चरबीत मिसळणार नाही. पळसाचंही तेच. फाल्गुनात रस्त्याच्या कडेला पळस पेटलेला दिसतो तेव्हा हा रंग गाठीत यावा असं वाटतंच, मी करूनही पाहिलं. फुलं पाण्यात उकळली की केशरी रंग सुटतो, तेलात जवळजवळ काहीच नाही. तो पिचकारीतच शोभतो.

बाजारात मिळणारे बरेचसे स्वस्त स्लॅब 'कंपाउंड' असतात. त्यांच्यात कोको बटरऐवजी बहुधा हायड्रोजनेटेड पाम कर्नेल तेल असतं. या चरबीला विरजणाची गरज पडत नाही. वितळवा, ओता, थिजू द्या. लहान मुलांसोबत पहिल्यांदा करत असाल तर मी यानेच सुरुवात करायला सांगेन, पण तोंडात मेणाचा थर राहतो तो यामुळेच. वेष्टनावर घटक वाचून घ्या. खरं चॉकलेट आणि कंपाउंड एकत्र मात्र वितळवू नका. दोन्ही चरब्या एकमेकींच्या रचनेत बसत नाहीत, मिश्रण मऊ राहतं आणि लवकर पांढुरकं पडतं.

दोरा सुती आणि खडखडीत कोरडा घ्या. साचा अर्धा भरा, दोरा ठेवा, मग वरून भरा आणि ओट्यावर हलकेच आपटा म्हणजे हवेचे बुडबुडे निघतील. साच्याच्या पाठीकडून चॉकलेट सुटलेलं दिसू लागलं की उलटं करा.

भाचीचा एक हट्ट मात्र पुरवता आला नाही. चॉकलेटची गाठी गळ्यात घालता येत नाही. त्वचेचं तापमान साधारण ३३-३४ अंश असतं, नेमकं पाचव्या रचनेच्या वितळणबिंदूवर. त्यामुळे होळीला गळ्यात साखरेचीच गाठी असते. चॉकलेटची स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात. डबा बाहेर काढला की लगेच उघडायचा नाही. तासभर तसाच ठेवायचा, नाहीतर गार चॉकलेटवर खोलीतल्या हवेची वाफ धरते. तो एक तास भाची डब्याशेजारीच बसून काढते, गळ्यातली साखरेची गाठी चोखत.