‘ओजी’ची पार्श्वभूमी: हजार रुपयांच्या तिकिटापर्यंत

पवन कल्याण नायक असलेला तेलुगू चित्रपट ‘दे कॉल हिम ओजी’ २५ सप्टेंबर २०२५ला लागला. त्याचं कथानक बहुतेकांना ठाऊक आहे: ओजस गंभीरा हा गुंड दहा वर्षांनी मुंबईत परततो आणि समोर उभा असतो ओमी भाऊ. चित्रपटाला ‘ए’ प्रमाणपत्र होतं, म्हणजे शाळकरी चाहते दाराबाहेरच.

तेलुगू पडद्यावरचा गुंड मुळात मुंबईचा नव्हे, विजयवाड्याचा. १९८९च्या ‘शिवा’त कॉलेजचा पोरगा उभ्या सायकलची चेन हिसडून काढतो, मुठीला गुंडाळतो आणि मारायला वळतो. तो चित्रपट आला तेव्हा त्याच शहरात उपोषणाला बसलेल्या एका आमदाराच्या खुनाला वर्षही उलटलं नव्हतं. खुनानंतरच्या दंगली लोकांच्या डोळ्यांसमोर होत्या, त्यामुळे ती चेन कुणाला खोटी वाटली नाही. २०००च्या आसपास आंध्रातल्या रायलसीमा भागातल्या घराण्यांच्या वैराचे ‘फॅक्शन’पट आले, गावठी बॉम्ब आणि उडणाऱ्या सुमो गाड्या घेऊन. मुंबई त्यानंतरची. २०१२च्या ‘बिझनेसमॅन’चा नायक तर इथे डॉन व्हायचं ठरवूनच येतो.

पण ‘ओजी’ची खरी पार्श्वभूमी तिकीट खिडकीवर आहे. आंध्र आणि तेलंगणात तिकिटाचा कमाल दर सरकार ठरवतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषिक प्रेक्षकाला हे नवल वाटेल, कारण महाराष्ट्रात तसा दर ठरलेला नाही. एप्रिल २०२१मध्ये आंध्र सरकारने दर इतके खाली आणले की ग्रामपंचायत हद्दीतल्या बिनवातानुकूलित थिएटरात तिकिटं पाच, दहा आणि पंधरा रुपये झाली. हुकूम निघाला तो याच नायकाचा आधीचा चित्रपट लागण्याच्या आदल्या दिवशी. पवन कल्याण तेव्हा सरकारच्या विरोधातल्या पक्षाचा नेता होता, म्हणून ते सूडाचं राजकारण होतं, असं त्याचे चाहते आजही म्हणतात. पाच रुपयांत थिएटर चालत नाही हे खरंच. वीजबिलही निघत नाही. उच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये तो हुकूम स्थगित केला. मार्च २०२२मध्ये दर सुधारले आणि शंभर कोटींवर खर्च झालेल्या चित्रपटांना पहिले दहा दिवस दरवाढीची वाट मोकळी झाली. त्या खर्चात नायक आणि दिग्दर्शकाचं मानधन धरायचं नव्हतं.

इथे ‘बेनिफिट शो’ हा शब्द नीट पाहायला हवा. एखाद्या संस्थेसाठी किंवा आपत्तीग्रस्तांसाठी पैसा उभा करायला लावलेला खेळ, हा त्याचा मूळ अर्थ. आता मध्यरात्री किंवा पहाटे, पहिल्या दिवसाच्याही आधी, कितीतरी पट दराने लावलेल्या खेळाला तेच नाव आहे. मदत कुणालाच मिळत नाही, नाव मात्र तेच चालू आहे. ४ डिसेंबर २०२४च्या रात्री हैदराबादच्या एका चित्रपटगृहात अशाच आगाऊ खेळाला चेंगराचेंगरी झाली. मुलाला घेऊन आलेली एक आई तिथे मेली. त्यानंतर तेलंगणाच्या मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं की असे खेळ आणि अशी दरवाढ यापुढे नाही.

दहा महिनेही झाले नाहीत तोच ‘ओजी’साठी त्याच राज्यात आदल्या रात्रीचा खेळ मंजूर झाला, तिकीट ८०० रुपये. आंध्रात १,०००. पुढे ४ ऑक्टोबरपर्यंत आंध्रात एकपडदा थिएटरात तिकिटामागे १२५ आणि मल्टिप्लेक्समध्ये १५० रुपये जादा घ्यायची मुभा होती. तेलंगणाच्या उच्च न्यायालयाने २४ सप्टेंबरलाच तिथल्या वाढीला स्थगिती दिली. प्रकरण पुढे अपिलात गेलं. आंध्रातला प्रश्न जास्त अवघड होता, कारण चित्रपटाचा नायक जून २०२४पासून त्याच राज्याचा उपमुख्यमंत्री आहे. आपल्याच मंत्र्याच्या चित्रपटाला सरकारने हजाराचं तिकीट मंजूर करावं का?

निर्मात्यांची बाजू अशी की मोठा खर्च पहिल्या आठवड्यातच वसूल व्हावा लागतो, आणि अशी परवानगी इतर मोठ्या नायकांनाही मिळत आली आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण पहिल्या रात्री रांगेत सर्वांत पुढे उभा असतो तो रोजंदारीवरचा पोरगा. पडद्यावरचा गुंड त्याला आपला वाटतो, आणि हजाराच्या त्या एका तिकिटात त्याची दोन दिवसांची कमाई जाते.