काठांचा करार: मॉड्यूल पद्धतीच्या मॉडेल रेल्वेची पार्श्वभूमी

मॉडेल रेल्वेची मांडणी एकदा घरात उभी राहिली की ती त्या खोलीचीच होऊन बसते. घर बदलले तर बहुतेक वेळा ती मोडावी लागते आणि तोवर ती पाहिलेली असते फक्त घरच्यांनी व चार मित्रांनी. ब्रिटनमधील क्लबांनी यावर फार पूर्वीच एक उपाय काढला होता. मांडणी तुकड्यांत बांधायची आणि प्रदर्शनाच्या ठिकाणी नेऊन जोडायची. मात्र त्यातला प्रत्येक तुकडा ठरलेल्या शेजाऱ्यालाच जुळत असे, त्यामुळे एक हरवला की सारेच अडून बसे. पुण्यात बी. एस. जोशी यांनीही आधी तात्पुरती प्रदर्शने भरवली आणि १९९८ साली कोथरूडमध्ये लघुरेल्वेचे कायमस्वरूपी संग्रहालय उघडले. एवढी नाजूक मांडणी पुन्हा पुन्हा लावण्या-काढण्याचे कष्ट ज्याने घेतले आहेत, त्याला हा निर्णय सहज समजेल.

कोणताही तुकडा कोणत्याही तुकड्याला जोडता यावा, ही खरी नवी कल्पना होती आणि तिला बळ मिळाले ते एन स्केलमुळे. जर्मनीतील आर्नोल्ड कंपनीने १९६२ च्या सुमारास दोन रुळांतले अंतर ९ मिलिमीटर असलेल्या या स्केलच्या गाड्या बाजारात आणल्या. १:१६० या प्रमाणात साडेतेवीस मीटरचा डबा १५ सेंटीमीटरांच्या आत बसतो, त्यामुळे मोटारीच्या डिकीत मावणाऱ्या फळीवरही लांबलचक गाडी शोभून दिसते. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील बेन डेव्हिस, जिम फिट्झजेराल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्केलसाठी ‘एनट्रॅक’ हे मानक आखले आणि पुढच्याच वर्षी सॅन डिएगो येथील मॉडेल रेल्वेच्या हौशींच्या राष्ट्रीय अधिवेशनात वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या घरी बांधलेली मॉड्यूल, म्हणजे मांडणीचे सुटे तुकडे, जोडून त्यांवरून गाड्या चालवून दाखवल्या.

मानकाने फार थोड्या गोष्टी ठरवल्या, पण त्या काटेकोर ठरवल्या. साधारण मॉड्यूल ४ फूट लांब आणि २ फूट रुंद. रूळ जमिनीपासून ४० इंच उंचीवर. समोरच्या बाजूने तीन मुख्य मार्ग, ज्यांना लाल, पिवळा आणि निळा अशी नावे आहेत. या तीन मार्गांच्या मागे डोंगर उभारायचा, बंदर करायचे की साखर कारखाना, हा पूर्णपणे बांधणाऱ्याचा प्रश्न. मला या मानकाचे मोठेपण इथेच वाटते, कारण त्याने हौशी माणसाच्या कल्पनेला हात न लावता फक्त तिच्या कडा बांधून घेतल्या.

सगळी परीक्षा असते ती सांध्यावर. दोन चौकटी शेजारी ठेवून सी-क्लॅम्पने, म्हणजे सी आकाराच्या स्क्रूच्या पकडीने, आवळतात आणि पायांच्या तळाशी असलेले बोल्ट फिरवून पातळी जुळवतात, कारण सभागृहाची फरशी कधीच सपाट नसते. रूळ चौकटीच्या काठापर्यंत आणलेलेच नसतात. ते काही इंच अलीकडे थांबतात आणि मधल्या मोकळ्या जागेत रुळाचा एक सुटा तुकडा बसवला जातो. आडव्या दिशेने थोडाफार फरक राहिला तर हा तुकडा तो सामावून घेतो. शिवाय रुळांची टोके काठावर उघडी नसल्याने वाहतुकीत ती दुमडत नाहीत.

युरोपात वेगळा विचार रुजला. १९८१ मध्ये जर्मनीत ‘फ्रेमो’ ही संघटना सुरू झाली आणि तिच्या सदस्यांना गोल गोल फिरणाऱ्या गाड्यांत रस नव्हता. त्यांच्या मॉड्यूलवर बहुधा एकच मार्ग असतो आणि टोकांचा आकार ठरलेला असला तरी लांबी-वळण मोकळे असते. एच-ओ (१:८७) प्रमाणातील त्यांचे रूळ १.३ मीटर उंचीवर असल्याने गाडी जवळजवळ डोळ्यांच्या पातळीवरून जाते. मोठे सभागृह घेऊन ते स्थानकांची साखळी उभी करतात आणि खऱ्यापेक्षा वेगाने चालणाऱ्या घड्याळावर वेळापत्रक पाळत, प्रत्येक वाघिणीसोबत मालाची चिठ्ठी ठेवून खऱ्या रेल्वेसारखी वाहतूक चालवतात. एनट्रॅक प्रेक्षकासाठी आहे, तर फ्रेमो चालवणाऱ्यासाठी. याच धर्तीवर १९९० च्या दशकात अमेरिकेत ‘फ्री-मो’ आले. त्याच दशकात डिजिटल नियंत्रणाची मानकेही ठरली आणि एकाच मार्गावरील दोन इंजिने स्वतंत्रपणे चालवता येऊ लागल्याने अशा वाहतुकीतली मोठी अडचण सरली.

तरीही ४ फुटांची फळी आणि तिचे पाय सांभाळायला प्रत्येकाच्या घरी जागा नसते. ती अडचण जपानमधल्या टेबलावरच्या छोट्या मॉड्यूलनी सोडवली. त्यांवरून प्रेरणा घेऊन ली मोनॅको-फिट्झजेराल्ड यांनी २००१ च्या सुमारास ‘टी-ट्रॅक’ पुढे आणले. त्याचे एकेरी मॉड्यूल ३०८ मिलिमीटर लांब असते. त्याला पाय नसतात आणि क्लॅम्पही लागत नाहीत. काटो या जपानी कंपनीचे रूळ एकमेकांत अडकले की सांधा तयार होतो आणि चार कोपऱ्यांतले स्क्रू फिरवून पातळी साधता येते.