ओरायनमधली चौथी सीट

लोकलमधे तीन जणांच्या सीटवर चौथा कसा टेकतो माहितीय ना, अर्धा सीटवर अर्धा पॅसेजमधे, एक पाय ताणून बॅलन्स करत, आणि ती चौथी सीटसुद्धा कुणी फुकट देत नाही. रोजचा ग्रुप लागतो, कधीतरी तुम्ही कुणाची बॅग मांडीवर घेतलेली असते, कुणाला घाटकोपरला उतरणाऱ्याची जागा पकडून दिलेली असते, तेव्हा कुठे "सरका जरा" म्हटल्यावर लोक सरकतात.

नासाच्या ओरायन यानातही चारच सीट आहेत. त्यांच्या नव्या चंद्रमोहिमांमधल्या आर्टेमिस २ मिशनसाठी, म्हणजे चंद्रावर न उतरता नुसता वळसा घालून परत यायचं त्या मिशनसाठी, एप्रिल २०२३ मधे चार नावं जाहीर झाली, रीड वाइजमन, व्हिक्टर ग्लोव्हर, क्रिस्टिना कॉक हे तीन अमेरिकन आणि चौथे कॅनडाचे जेरेमी हॅन्सन. आमच्या ग्रुपमधे रिटायरमेंटला आलेले एक काका आहेत, त्यांना ही नावं सांगितली तर त्यांचा सवाल, "कॅनडाने कधी चंद्रावर काय उतरवलंय? आपण तर उतरवलं, मग आपला माणूस का नाही?"

सवाल बरोबर आहे, पण उत्तर दोस्तीत नाहीये, हिशोबात आहे. कॅनडा गेली चाळीसेक वर्षं एकच गोष्ट लई भारी बनवतो, ती म्हणजे अंतराळातला यांत्रिक हात. १९८१ मधे स्पेस शटलवर पहिला कॅनडार्म गेला, २००१ मधे स्पेस स्टेशनवर दुसरा बसला. चंद्राभोवती गेटवे नावाचं छोटं स्टेशन करायचं ठरलं तेव्हा तिसरा हात आम्ही देतो असं कॅनडाने सांगितलं, २०२० च्या डिसेंबरमधे करार झाला, आणि बदल्यात कॅनडाच्या माणसांना दोन फेऱ्या, त्यातली एक ही. पैसे या हातातून त्या हातात जातच नाहीत, वस्तूला वस्तू, आपल्या आजीच्या काळात जुन्या कपड्यांवर भांडी मिळायची तसं. गंमत म्हणजे २०२५ मधे अमेरिकन सरकारने बजेटच्या प्रस्तावात गेटवेच गुंडाळायचं म्हटलं, मग संसदेने त्याच्यासाठी पैसे ठेवले. म्हणजे ज्या स्टेशनसाठी हात बनवायचा त्या स्टेशनचंच काही खरं नाही! अशा सौद्यात ही रिस्क असतेच.

युरोपचा सौदा तर अजून मजेशीर. ओरायनचं जे कोन आकाराचं केबिन दिसतं ते अमेरिकन, पण त्याच्या बुडाला जोडलेलं सर्व्हिस मॉड्यूल युरोपचं, जर्मनीतल्या ब्रेमेनला जुळवलेलं. वीज, पाणी, ऑक्सिजन, ढकलायची ताकद, सगळं त्याच्यातून येतं. छोटी मोठी मिळून ३३ इंजिनं आहेत त्यात, आणि मुख्य इंजिन चक्क जुन्या स्पेस शटलवर वापरलेलं, नासाने काढून युरोपला दिलं आणि युरोपने बसवून परत पाठवलं. हे पहिलं मॉड्यूल युरोपने का दिलं, तर स्पेस स्टेशन चालवायच्या खर्चातला त्यांचा जो वाटा होता तो चुकता करायला. सोसायटीचा मेंटेनन्स थकलाय आणि सेक्रेटरी म्हणतो पैसे राहू दे, तू प्लंबर आहेस ना, टाकीची पाइपलाइन करून दे, तसलाच प्रकार. नोव्हेंबर २०२२ मधे आर्टेमिस १ माणसांशिवाय चंद्रापर्यंत जाऊन आलं ते ह्याच पाइपलाइनवर.

जपानने त्याहून मोठी वस्तू टाकली. एप्रिल २०२४ च्या करारात जपान चंद्रासाठी एक बंद गाडी देणार, आत हवा भरलेली, टोयोटा त्यावर काम करतेय, दोन अंतराळवीर आत स्पेससूट काढून एका वेळी महिनाभर राहू शकतील अशी. बदल्यात दोन जपानी अंतराळवीर चंद्रावर उतरणार. बंद गाडीचं एवढं मोल का, तर १९७२ मधे अपोलो १७ वाल्यांकडे उघडी जीप होती, अंगात सूट, सूटमधली हवा संपायच्या आत परत यायचं, त्यामुळे तीन दिवसांत सगळ्या फेऱ्या मिळून साधारण ३५ किलोमीटर झाले. सीएसटी ते ठाणे, बस.

आता सीट मिळाली तरी प्रश्न संपत नाही, कारण वेगवेगळ्या देशांची यानं एकमेकांना जोडता आली पाहिजेत. याचा मूळ किस्सा १९७५ चा. अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएत सोयुझ अंतराळात जोडायचं ठरलं, शीतयुद्ध चालू असताना. पहिली अडचण हवा. अपोलोत शुद्ध ऑक्सिजन असायचा पण दाब आपल्या नेहमीच्या हवेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, आणि सोयुझमधे आपल्यासारखीच साधी हवा, पूर्ण दाबाची. सोयुझमधला माणूस सरळ अपोलोत शिरला असता तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे झाले असते, सोड्याची बाटली उघडल्यावर फसफसतं ना तसं, खोल पाण्यातून घाईने वर येणाऱ्या पाणबुड्यांना हेच होतं. म्हणून मधे एक खास खोली बनवली, तिथे बसायचं, हवा हळूहळू बदलायची, मग पलीकडे जायचं, शिवाय सोयुझने स्वतःचा दाबही त्या दिवसांपुरता उतरवला. कुणी दाब किती बदलायचा हे ठरवायलाच इंजिनिअरांच्या कितीतरी मीटिंगा झाल्या.

दुसरी अडचण जोड. तोपर्यंत एका यानावर दांडा आणि दुसऱ्यावर खोलगट शंकू असायचा, दांडा जाऊन शंकूत अडकणार, म्हणजे दोन दांडेवाले भेटले की काम खलास. (जुन्या फोनांच्या बारीक पिन आणि जाड पिन आठवा, ऑफिसमधे चार्जर मागत फिरायचो आपण.) म्हणून सोव्हिएत इंजिनिअर व्लादिमिर सिरोम्यात्निकोव्ह आणि अमेरिकन टीमने दोन्ही बाजूंना सारखीच कडी केली, तीन पाकळ्यांची, कुणीही कुणाला धरावं. १७ जुलै १९७५ ला अपोलोचे कमांडर स्टॅफर्ड आणि सोयुझचे कमांडर लिओनोव्ह यांनी दारातून हात मिळवला, अमेरिकन रशियनमधे बोलत होता आणि रशियन इंग्लिशमधे. पुढे २०१० मधे जोडणीचं एक आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच निघालं, नकाशे उघडे, कुणीही वाचून बनवा. आपल्या इस्रोने १६ जानेवारी २०२५ ला स्पेडेक्सचे दोन उपग्रह जोडले ना, त्यातली कडीही दोन्हीकडे सारखीच, साइज लहान आणि मोटारी कमी, पण कल्पना त्याच घराण्यातली. बातम्यांमधे या कडीवर दोन ओळीसुद्धा नव्हत्या, माझ्या मते त्या दिवसातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच होती.

बरं, चंद्राच्या कामात मुंबई कुठेच नाही असं काकांना वाटत होतं तर त्यांना कुलाब्याला पाठवायला पाहिजे. नेव्हीनगरच्या टोकाला टीआयएफआर ही विज्ञान संशोधन संस्था आहे, तिथे शास्त्रज्ञ देवेंद्र लाल यांच्या टीमकडे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अपोलोने आणलेल्या चंद्राच्या मातीचे नमुने आले होते. नासाने माती अमेरिकेतच कोंडून ठेवली नाही, ज्या देशात काम करणारे लोक होते तिथे थोडी थोडी वाटली. इथल्या लोकांनी त्या कणांमधे कॉस्मिक किरणांचे, म्हणजे अंतराळातून सुसाट येणाऱ्या कणांचे, ओरखडे शोधले. जड अणुकेंद्रकं, मुख्यतः लोखंडाच्या गटातली, स्फटिकातून आरपार जातात तेव्हा बारीक जखम सोडून जातात, कण रसायनात बुडवला की ती जखम रुंद होते आणि मायक्रोस्कोपखाली मोजता येते. जास्त ओरखडे म्हणजे तो कण जास्त काळ उघड्यावर पडलेला, कमी म्हणजे मातीखाली झाकलेला, त्यावरून चंद्राची माती उल्कांच्या माऱ्याने किती वर खाली होते तेही कळतं. त्या टीमपैकी व्ही. एस. वेंकटवरदन पुढे वरळीच्या नेहरू तारांगणाचे डायरेक्टर झाले, म्हणजे शाळेच्या ट्रिपला आपण जिथे खुर्ची मागे झुकवून झोपलो ते तारांगण.

राजकारण आहेच, ते थोडक्यात. आर्टेमिस करार, म्हणजे चंद्रावर कसं वागायचं त्याचे नियम, १३ ऑक्टोबर २०२० ला आठ देशांनी सुरू केला, भारताने जून २०२३ मधे सही केली, २७ वा देश म्हणून. पण सही म्हणजे सीट नाही, सही म्हणजे फक्त डब्यात भांडायचं नाही एवढं कबूल. चीन आणि रशियाचा वेगळा डबा आहे, आणि २०११ पासून अमेरिकेच्या कायद्याने नासाला चीनशी थेट काम करायला खास परवानगी लागते. पण युरोप दोन्हीकडे ये-जा करतो, चीनच्या २०२४ च्या चांग'अ ६ या चंद्रयानावर फ्रान्स आणि इटलीची उपकरणं होती, पाकिस्तानचा छोटा उपग्रहसुद्धा.

आणि आपण? आपणही बॅगा धरल्यात की. चांद्रयान १ वर ११ उपकरणं होती, त्यातली ६ परदेशी, आणि चंद्राच्या मातीत पाण्याच्या खुणा ज्याने पक्क्या दाखवल्या ते उपकरण नासाचं होतं, गाडी आपली. चांद्रयान ३ च्या विक्रम लँडरवर नासाचा बोटभर लांबीचा आरसा आहे, डिसेंबर २०२३ मधे नासाच्या उपग्रहाने १०० किलोमीटरवरून त्यावर लेझर मारला आणि उजेड परत आला, विक्रम तोवर कधीचा बंद पडलेला. पुढचं चांद्रयान ५ जपानबरोबर, रॉकेट आणि रोव्हर त्यांचं, लँडर आपला, नासा आणि युरोपची उपकरणंही वर, दक्षिण ध्रुवाजवळ जमिनीत ड्रिल करून बर्फ शोधायचा.

काकांना हे सगळं ठाणे ते कुर्ला सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं, मग विचारलं, "त्या रोव्हरमधे आपल्याला सीट किती?"

म्हटलं काका, त्यात माणूसच नाहीये.

"मग सांग की आधी," म्हणाले आणि दादरला उतरणाऱ्याला विचारायला वळले.