मांडीतलं इंजेक्शन

"काही नाही हो, साधं पित्त उठलंय. गोळी दिलीय, तासाभरात उतरेल." अंगभर गांधी उठलेल्या माणसाला कॅज्युअल्टीत घेऊन येणारे नातेवाईक हे अगदी सहज बोलून जातात. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण त्या गांधींच्या जोडीला आवाज घोगरा झाला असेल, छातीत घरघर लागली असेल, माणूस पुन्हापुन्हा ओकत असेल किंवा उभं राहताच त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तासभर थांबण्याइतका वेळ हातात नसतो. ॲलर्जीच्या या जिवावर बेतणाऱ्या झटक्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात.

मुळात 'पित्त' या शब्दानेच आपली फसगत केली आहे. यकृतात तयार होणाऱ्या पित्ताचा या गांधींशी काडीचाही संबंध नाही. पित्ताशय काढून टाकलेल्या माणसाच्या अंगावरही हे 'पित्त' तितकंच उठतं. पण शब्द पोटाचा असल्यामुळे आजार किरकोळ वाटतो आणि माणसं वाट बघत बसतात.

असाच एक तिशीतला तरुण माझ्या चांगला लक्षात आहे. मानेवर गांधीलमाशी डसून वीस मिनिटं झाली होती. स्वतःच्या पायांनी चालत आला. कान लालबुंद, ओठ जाड झालेले, आणि एकसारखा तळहात खाजवत होता. म्हणाला, "डॉक्टर, मला काहीतरी वेगळंच होतंय. मी वाचत नाही बहुतेक." हे वाक्य घाबरटपणाचं समजू नये. आपला शेवट जवळ आलाय ही अचानक दाटून येणारी भावना हे या आजाराचं नोंदवलेलं लक्षण आहे. नाडी 130, वरचा रक्तदाब 70, खालचा लागतच नव्हता. भाऊ त्याला पाणी पाजण्यासाठी उठवून बसवत होता. आम्ही आधी त्याला आडवं केलं, पाय उंच केले आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत अर्धा मिलिलिटर ॲड्रेनालिन दिलं. पाच मिनिटांनी आणखी एकदा. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला.

वीस मिनिटांपूर्वी धडधाकट असलेल्या माणसाचा रक्तदाब एका माशीने 70 वर कसा आणला? रक्ताचा एक थेंबही बाहेर सांडला नव्हता.

आपल्या त्वचेखाली, श्वासनलिकांच्या अस्तरात, आतड्यांच्या भिंतीत, रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने प्रतिकारशक्तीच्या मास्ट पेशी बसलेल्या असतात. पॉल एर्लिख यांनी 1878 साली त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तेव्हा त्या दाण्यांनी इतक्या गच्च भरलेल्या दिसल्या की या पेशी खाऊन तृप्त झाल्या असाव्यात असं त्यांना वाटलं. 'मास्ट' हे जर्मन नाव त्यावरून पडलं. ते दाणे अन्नाचे नव्हते. त्यांत हिस्टामाइन, ट्रिप्टेज, हेपारिन अशी तयार रसायनं ठासून भरलेली असतात.

या पेशीच्या पृष्ठभागावर आयजीई नावाचे प्रतिपिंड, म्हणजे परका पदार्थ ओळखणारी प्रथिनं, रोवलेले असतात. त्यांचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा: खालचा दांडा पेशीत घट्ट बसलेला, वरची दोन टोकं मोकळी. गांधीलमाशीचं विष शरीरात पहिल्यांदा येतं तेव्हा काही जणांत त्या विषाला ओळखणारे आयजीई तयार होतात आणि मास्ट पेशींवर जाऊन बसतात. त्या वेळी माणसाला काहीच जाणवत नाही. "आधीही चावली होती, तेव्हा काही झालं नव्हतं" हे वाक्य म्हणूनच दिलासा देणारं नाही. पुढच्या खेपेला विषाचा एकच रेणू शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम चिकटतो, त्यांना जवळ ओढतो, आणि ही ओढ हाच इशारा ठरतो. पेशीत कॅल्शियम शिरतं, दाण्यांच्या पिशव्या पेशीच्या आवरणाला जाऊन भिडतात, फुटतात, आणि आतला सगळा माल बाहेर पडतो. पाठोपाठ पेशी ल्युकोट्रिन आणि प्रोस्टाग्लँडिन ही रसायनं ताजी बनवून सोडू लागते.

आता हिस्टामाइन काय करतं ते पाहा, कारण सगळी मेख इथे आहे. लहान धमन्या सैल पडतात, म्हणजे नळ्यांचं जाळं रुंदावतं आणि तेवढंच रक्त त्यात अपुरं पडू लागतं. दुसरीकडे सूक्ष्म शिरांच्या अस्तरातल्या पेशी आक्रसतात आणि त्यांच्यामध्ये फटी पडतात. या फटींतून रक्तातला द्रव आजूबाजूच्या ऊतींमध्ये झिरपतो. तीव्र प्रकारात वाहिन्यांमधला 35 टक्क्यांपर्यंत द्रव दहा मिनिटांत असा निघून जाऊ शकतो. ओठ, पापण्या, घसा यांना येणारी सूज हाच तो निसटलेला द्रव. आत उरलेलं रक्त दाट होतं, हृदयाकडे परतणारी धार आटते, आणि हृदय जोरजोराने धडधडत राहतं, पण पंपात ढकलायलाच काही नसतं.

अशा माणसाला उभं केलं की उरलंसुरलं रक्त पायांत उतरतं आणि हृदय जवळपास रिकामं पडतं. ब्रिटनमधले डॉक्टर रिचर्ड पम्फ्री यांनी ॲनाफिलॅक्सिसने झालेले मृत्यू एकेक करून तपासले. त्यांत काही माणसं उठवून बसवल्यावर किंवा उभं केल्यावर काही सेकंदांतच गेली होती. त्यांच्याच नोंदींमध्ये, जे दगावले त्यांचं हृदय किंवा श्वास थांबेपर्यंतचा मध्यम काळ अन्नाच्या बाबतीत 30 मिनिटं, कीटकदंशात 15 मिनिटं आणि रुग्णालयात दिलेल्या औषधांच्या बाबतीत अवघी 5 मिनिटं निघाला. म्हणून झोपवायचं, पाय उंच करायचे. धाप लागून झोपवत नसेल तर पाय लांब पसरून टेकून बसू द्यायचं. गरोदर बाईला डाव्या कुशीवर वळवायचं. चालवत नेणं मात्र कुणालाच नको.

या आजाराला नाव मिळालं तेही एका फसलेल्या प्रयोगातून. 1901 मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए मोनॅकोच्या राजपुत्राच्या जहाजावर समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास करत होते. परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचं विष थोडं थोडं टोचून कुत्र्यांना त्याची सवय होते का ते पाहिलं, लस देतात तसं. नेपच्यून नावाच्या कुत्र्याला पहिल्या डोसने काही झालं नाही. काही आठवड्यांनी पुन्हा थोडासाच डोस दिला आणि तो धडधाकट कुत्रा अर्ध्या तासाच्या आत मेला. ग्रीक भाषेत 'फायलॅक्सिस' म्हणजे संरक्षण. हे घडलं ते त्याच्या उलट, म्हणून नाव ठेवलं ॲनाफिलॅक्सिस. रिशे यांना 1913 चं नोबेल मिळालं. पुढे 1921 मध्ये कार्ल प्राउस्निट्झ यांनी मासे न सोसणाऱ्या हाइन्झ क्युस्टनर या सहकाऱ्याच्या रक्तातला द्रव स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि नेमकी तिथे गांध उठली. हे प्रकरण रक्तातून वाहून नेता येतं हे त्यातून कळलं. तो रक्तातला घटक म्हणजे आयजीई हे उमगायला 1960 चं दशक उलटत आलं.

प्रतिकारशक्ती 'वाढवून देणारी' पावडर, काढे आणि कॅप्सूल यांच्या जाहिराती मला म्हणूनच संतापजनक वाटतात. ॲनाफिलॅक्सिसमध्ये माणूस मरतो तो प्रतिकार कमी पडल्याने नाही. हवी असते ती योग्य जागी योग्य तेवढीच प्रतिक्रिया, आणि ती डबीत भरून विकता येत नाही.

आता ॲड्रेनालिन. एकच रेणू, पण वेगवेगळ्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या निरोप घेणाऱ्या जागांवर, बसून वेगवेगळी कामं करतो. अल्फा-1 ग्राहींवर बसला की सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, घशाची सूज ओसरू लागते. बीटा-1 वर बसला की हृदयाचा जोर वाढतो. बीटा-2 वर बसला की आवळलेल्या श्वासनलिका उघडतात. आणि मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट म्हणजे बीटा-2 ग्राही खुद्द मास्ट पेशीवरही असतात. तिथे ॲड्रेनालिन बसलं की पेशीत चक्रीय एएमपी या निरोप्या रेणूचं प्रमाण वाढतं आणि दाणे फुटणं मंदावतं. म्हणजे आग विझवणारा तोच आणि गॅसचा नळ बंद करणाराही तोच.

पित्ताची गोळी, म्हणजे अँटिहिस्टामाइन, यातलं काहीही करत नाही. ती हिस्टामाइनच्या एका ग्राहीवर जागा अडवून बसते. खाज आणि गांधी कमी होतात, पण पडलेला रक्तदाब चढत नाही, ल्युकोट्रिनने आवळलेली श्वासनलिका सुटत नाही. स्टेरॉइड पेशीतल्या जनुकांमार्फत काम करतं, त्याला तास लागतात. ही औषधं नंतर द्यायला हरकत नाही, पण ती आधी देऊन "बघू या" म्हणण्यात सोन्यासारखी मिनिटं जातात.

मात्रा आणि जागा दोन्ही महत्त्वाच्या. एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असलेलं ॲड्रेनालिन, मोठ्या माणसाला अर्धा मिलिलिटर, लहान मुलाला वजनाच्या दर किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. मांडीच्या त्या स्नायूला रक्तपुरवठा भरपूर असतो. मुलांवर केलेल्या एका अभ्यासात तिथे दिलेल्या औषधाची रक्तातली पातळी सरासरी 8 मिनिटांत शिखराला पोचली, त्वचेखाली दिलेल्याला 34 मिनिटं लागली. ॲड्रेनालिनने हृदयाचे ठोके बिघडतील या भीतीने काही डॉक्टरही हात आखडता घेतात. ती भीती मुख्यतः शिरेतून एकदम दिलेल्या औषधाची आहे. स्नायूत योग्य मात्रेत दिलं तर थोडी थरथर, धडधड, चेहरा पांढरा पडणं यापलीकडे सहसा काही होत नाही. फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा द्यायचं, आणि निसटलेला द्रव भरून काढायला सलाइन वेगाने सोडायचं. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर, म्हणजे हेच बीटा ग्राही अडवणारं औषध, घेणाऱ्यांमध्ये ॲड्रेनालिनचा असर कमी पडू शकतो, तेव्हा ग्लुकॅगॉन हे संप्रेरक कामी येतं.

ओळखण्यातली एक अडचण सांगायलाच हवी. दहातल्या एखाददुसऱ्या रुग्णाच्या त्वचेवर काहीच दिसत नाही. ज्याला अमुक गोष्ट सोसत नाही हे ठाऊक आहे, त्याच्या अंगात ती गेल्यावर काही मिनिटांत रक्तदाब पडला किंवा श्वास अडकला, तर गांधींची वाट न पाहता हेच समजून उपचार सुरू करायचे.

तो तरुण तासाभराने हसून बोलू लागला आणि घरी सोडा म्हणून मागे लागला. आम्ही सोडलं नाही. काही जणांत सगळं शमल्यावर काही तासांनी, नव्याने माशी न डसताही, दुसरा झटका येतो. रात्री नर्स दर अर्ध्या तासाने त्याचा रक्तदाब घेत होती. पहाटे तीनच्या सुमारास त्याच्या पोटावर पुन्हा चार गांधी उठल्या. तिने मला उठवलं, आणि मी ॲड्रेनालिनची कुपी हातात घेऊन त्याच्या खाटेशी बसून राहिलो. त्या उतरेपर्यंत उजाडलं होतं.