जुने नौदल-तैलचित्र संग्रहात घेताना: कोल्हापूरच्या संग्राहकांसाठी नोंदणी, कागदपत्रे आणि संवर्धनाचा क्रम

कोल्हापूरच्या जुन्या वाड्यांतून किंवा एखाद्या घराच्या वाटणीतून शिडाच्या युद्धनौकेचे काळवंडलेले तैलचित्र हाती येते, तेव्हा ते लगेच स्वच्छ करून घेण्याचा मोह होतो. माझा आग्रह मात्र असा आहे की आधी नोंदणी करावी आणि मगच संवर्धनाला हात घालावा. साफसफाईत चित्राच्या वयाचे आणि ओळखीचे पुरावेच पुसले जाण्याचा धोका असतो.

'पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२' हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. त्यानुसार किमान १०० वर्षे जुने चित्र हे पुरावशेष ठरते. चित्र कोणत्या देशात काढले गेले, याची अट व्याख्येत नाही. त्यामुळे इंग्लंडमध्ये रंगवलेल्या जहाजाच्या चित्राला हा कायदा लागू नाही, हा समज सोडून द्यावा. कागद, लाकूड, कापड अशा कोणत्याही माध्यमावरची चित्रे सक्तीच्या नोंदणीच्या वर्गात येतात आणि कॅनव्हास हे कापडच आहे. चित्र ताब्यात आल्यापासून १५ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. मालक, चित्राचा ताबा असलेली व्यक्ती किंवा ज्याच्या नियंत्रणात चित्र आहे, अशा कोणावरही ही जबाबदारी येते. नोंदणी टाळल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते, शिवाय चित्र जप्तही होऊ शकते. नोंदणीमुळे मालकी सरकारकडे जाते, ही भीती मात्र निराधार आहे. सक्तीने संपादन करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे, पण ती मोबदला देऊन करायची स्वतंत्र कारवाई आहे.

चौकशीची सुरुवात टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयापासून करणे सोयीचे, कारण ते राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या अखत्यारीत आहे. (ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची कांस्यमूर्ती याच संग्रहालयाची आहे. समुद्रापासून इतक्या दूरच्या आपल्या गावाचे दर्यावर्दी जगाशी असलेले नाते त्यातून दिसते.) विहित नमुन्यातील अर्जासोबत ओळखपत्र, मालकीचा पुरावा आणि छायाचित्रे तयार ठेवावीत. खरेदी असेल तर परवानाधारक विक्रेत्याची पावती घ्यावी आणि तिच्यावर चित्राचे माप व वर्णन लिहून घ्यावे. वारसाहक्क असेल तर मृत्युपत्र किंवा वाटणीपत्र जोडावे. छायाचित्रांच्या प्रती कायद्याने सहापेक्षा अधिक मागता येत नाहीत.

छायाचित्रांबाबत विशेष काळजी घ्यावी, असे मला वाटते. पुढची बाजू सगळेच टिपतात, पण मागची बाजू विसरतात. कॅनव्हास विकणाऱ्याचा शिक्का, कॅनव्हास ताणून ठेवणाऱ्या लाकडी चौकटीच्या पाचरी, जुने खिळे आणि चिकटवलेली चिठ्ठी हे सारे तिथेच असते. पुढच्या बाजूला झेंड्याचे जवळून छायाचित्र घ्यावे. १८०१ पूर्वीच्या ब्रिटिश संयुक्त ध्वजात (युनियन जॅकमध्ये) सेंट पॅट्रिकचा तांबडा तिरपा क्रूस नव्हता. १८६४ पर्यंत ब्रिटिश नौदलाची जहाजे तांबडा, पांढरा किंवा निळा ध्वज लावत, त्यानंतर नौदलाकडे पांढरा उरला आणि तांबडा व्यापारी जहाजांचा झाला. अर्थात यावरून दृश्याचा काळ कळतो, चित्र कधी रंगवले हे नव्हे, कारण जुन्या लढाया पुढच्या पिढ्यांतील चित्रकारांनीही रंगवल्या आहेत. वयाबद्दल वाद झाल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा किंवा त्यांनी अधिकृत केलेल्या अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम असतो.

नोंदणी झाली की संवर्धनाचा विचार करावा. हे काम परदेशी पाठवण्याची कल्पना सोडून द्यावी, कारण पुरावशेष निर्यात करण्याची मुभा केवळ केंद्र सरकारला किंवा त्याने अधिकृत केलेल्या संस्थेला आहे. बेकायदा निर्यातीला किमान सहा महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील संवर्धन केंद्राकडे विचारणा करता येते. काम देण्यापूर्वी सद्यःस्थितीचा लेखी अहवाल, करावयाच्या कामाचा तपशील व खर्चाचा अंदाज मागावा. व्हार्निश काढण्यापूर्वी अतिनील प्रकाशाखाली तपासणी झाली पाहिजे, कारण नंतर केलेले रंगकाम त्यात वेगळे दिसते. डोलकाठ्यांचे दोर अगदी शेवटी, पातळ रंगाने काढलेले असतात, म्हणून ते चुकीच्या द्रावकाने सर्वांत आधी जातात आणि नौकेची ओळखच हरवते. रंग उडालेली प्रत्येक जागा पुढे पुसून काढता येईल अशाच रंगाने भरण्याचा आग्रह धरावा.

घरी ओले फडके किंवा जवसाचे तेल चित्राला लावू नये. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पंचगंगेचे पाणी ज्या भागात शिरले, तिथे चित्र खालच्या मजल्यावर व बाहेरच्या ओलसर भिंतीवर टांगू नये. भिजलेच तर उन्हात वाळवू नये, कारण कॅनव्हास आणि रंगाचा थर सारख्या गतीने आक्रसत नाहीत व पापुद्रे सुटतात.

काम पूर्ण झाल्यावर आधीची व नंतरची छायाचित्रे आणि संवर्धकाचा अहवाल नोंदणी प्रमाणपत्रासोबत ठेवावा. पुढे चित्र विकले, भेट दिले किंवा अन्य प्रकारे मालकी बदलली, तर नोंदणी अधिकाऱ्याला तसे कळवणे बंधनकारक आहे.