लोकलेखा समितीपुढे नियामक : एका वादाची पार्श्वभूमी

24 ऑक्टोबर 2024 रोजी सकाळी 11 वाजता सरकारी खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीची बैठक होती. शेअर बाजाराची नियामक सेबी आणि दूरसंचाराची नियामक ट्राय यांच्या अधिकाऱ्यांना साक्षीला बोलावले होते. सेबीच्या तत्कालीन अध्यक्षांनी आधी हजेरीतून सूट मागितली, समितीने ती नाकारली. त्यांनी येणार असल्याचे कळवले, पण बैठकीच्याच दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास दिल्लीला पोहोचणे शक्य नसल्याचा निरोप आला. समितीचे अध्यक्ष, म्हणजे आलप्पुझाचे काँग्रेस खासदार, यांनी बैठक पुढे ढकलली. सत्ताधारी सदस्य बैठकीतून बाहेर पडले ते संतापून. हा विषय हाती घेण्याचा समितीला अधिकारच नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते त्यांनी लोकसभाध्यक्षांपर्यंत नेले.

या वादाच्या बातम्या एका व्यक्तीभोवती फिरत राहिल्या. ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेतल्या एका शॉर्टसेलर (समभागांचे भाव पडण्यावर नफा कमावणाऱ्या) संस्थेने सेबीच्या अध्यक्षांवर हितसंबंधांचे आरोप केले होते, त्यांनी ते फेटाळले होते, आणि पुढे मे 2025 मध्ये लोकपालांनी त्यासंबंधीच्या तक्रारी निकाली काढल्या. हा भाग बहुतेकांना ठाऊक आहे. समितीने निवडलेल्या विषयात मात्र कोणा व्यक्तीचे नाव नव्हते. ‘संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या नियामक संस्थांच्या कामगिरीचा आढावा’ असा तो विषय होता. सोबत आणखी एक विषय होता : सार्वजनिक पायाभूत सुविधांवर आकारले जाणारे शुल्क, दर आणि वापर-आकार. विमानतळावरचे शुल्क, टोल, मोबाइलचे दर हे सगळे त्यात येते. हे दोन्ही विषय कॅगच्या, म्हणजे देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या, एखाद्या विशिष्ट अहवालातून आले नव्हते, समितीने ते स्वतःहून घेतले होते. भांडण नेमके इथे आहे.

लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांतला नियम 308 समितीची कामे ठरवतो. सभागृहाने मंजूर केलेला पैसा कसा खर्च झाला हे दाखवणारे विनियोजन लेखे, सरकारचे वार्षिक वित्त लेखे आणि ‘समितीला योग्य वाटतील असे’ सभागृहापुढे ठेवलेले इतर लेखे तपासणे, हे पहिले काम. पैसा त्या कामासाठी कायदेशीररीत्या उपलब्ध होता का, ज्याला अधिकार होता त्याच्याच आदेशाने खर्च झाला का, एका शीर्षाखालून दुसऱ्याकडे वळवताना नियम पाळले का, याची खात्री समितीने करायची. त्यापुढे नियम आणखी काही संस्थांची नोंद करतो. ज्यांचे लेखापरीक्षण राष्ट्रपतींच्या निर्देशाने किंवा संसदेच्या कायद्याने कॅग करू शकतो, अशा स्वायत्त आणि अर्धस्वायत्त संस्थांचे उत्पन्न-खर्चाचे लेखे तपासणे हेही समितीचे काम आहे.

आता सेबीचा 1992 चा कायदा पाहा. त्याच्या कलम 15 नुसार सेबीचे लेखे कॅग तपासतो, आणि तपासलेले लेखे दरवर्षी संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवले जातात. ट्रायच्या 1997 च्या कायद्यात कलम 23 तेच सांगते. म्हणजे या संस्था नियम 308 च्या कक्षेबाहेर आहेत हे म्हणणे नियमाच्या शब्दांवर टिकत नाही. सत्ताधारी सदस्यांचा युक्तिवाद टिकतो तो वेगळ्या जागी. लेखे तपासणे आणि कामगिरीचा आढावा घेणे यांत फरक आहे, असे ते म्हणतात. नियामकाच्या धोरणाविषयी विचारायचे तर 1993 पासून खात्यांशी निगडित स्थायी समित्या आहेत, अर्थखात्याची समिती सेबीला बोलावू शकते, बोलावतेही.

हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. संसदेनेच एका ठिकाणी अशी रेषा आखलेली आहे. ट्रायच्या कायद्यात 2000 साली दुरुस्ती झाली तेव्हा कलम 23 ला स्पष्टीकरण जोडले गेले : ज्या निर्णयांविरुद्ध अपिलीय न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, ते निर्णय या लेखापरीक्षणाच्या कक्षेत येणार नाहीत. नियामकाने अमुक कंपनीविरुद्ध अमुक आदेश का दिला, हे खासदारांनी बंद दाराआड विचारू लागणे धोक्याचे आहे, आणि तो धोका सत्तेत कोणीही असले तरी तसाच राहतो. पण हजारो गुंतवणूकदारांच्या तक्रारींचा निपटारा किती दिवसांत होतो, तपास कुठे अडकतात, अधिकाऱ्यांच्या हितसंबंधांची नोंद कोण ठेवतो, वसूल झालेल्या शुल्काचे काय होते, हे प्रश्न कोणत्याही आदेशाला हात न लावता विचारता येतात. नियामकाच्या हिशेबाला जोडूनच ते येतात. हे विचारण्यापासून समितीला अडवणारे एकही वाक्य नियमात नाही.

शिवाय पूर्वीचे दाखले समितीच्या बाजूने आहेत. 2016 च्या नोव्हेंबरात 500 आणि 1000 च्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा त्यावर कॅगचा कोणताही अहवाल नव्हता. तरी लोकलेखा समितीने पतधोरणाच्या आढाव्याचा विषय स्वतःहून घेतला आणि 20 जानेवारी 2017 रोजी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर तिच्यापुढे हजर झाले. रिझर्व्ह बँकेचे लेखे कॅग तपासतही नाही. 1934 च्या कायद्याप्रमाणे तिचे लेखापरीक्षक केंद्र सरकार नेमते. ज्या संस्थेवर कॅगचा हात पोहोचत नाही तिचे प्रमुख येऊ शकतात, तर जिचे लेखे कॅग दरवर्षी तपासतो तिच्या प्रमुखांना बोलावण्यात अधिकाराचा भंग कसा होतो, याचे उत्तर 2024 च्या वादात कोणी दिले नाही. त्याच जानेवारीत समितीचे तेव्हाचे अध्यक्ष पंतप्रधानांनाही बोलावता येईल असे बोलून गेले आणि त्यांना ते मागे घ्यावे लागले, कारण लोकसभाध्यक्षांच्या निर्देशांतला 99 वा निर्देश मंत्र्यांना लोकलेखा समितीसारख्या वित्तीय समित्यांपुढे बोलावण्यास मनाई करतो. समितीच्या मर्यादा जिथे लिहिलेल्या आहेत तिथे त्या इतक्या स्पष्ट आहेत.

ही समिती मुळात विरोधकांची नव्हती. 1921 साली, माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर, ती स्थापन झाली तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळातले अर्थसदस्यच तिचे अध्यक्ष असत; खर्च करणारा आणि जाब विचारणारा एकच. राज्यघटना लागू झाल्यावर ती लोकसभाध्यक्षांच्या अखत्यारीत आली. 1954-55 पासून राज्यसभेचे 7 सदस्य मिळून संख्या 22 झाली. मंत्री सदस्य होऊ शकत नाही, मुदत एक वर्षाची. मात्र 1967 पर्यंत अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचाच असे.

त्या काळात मोठी प्रकरणे बाहेर आली ती समितीच्या खोलीतून नव्हे, सभागृहातून. 1957 मध्ये आयुर्विमा महामंडळाने कोलकात्याच्या एका उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतल्याचा प्रश्न सत्ताधारी बाकावरच्याच खासदाराने, फिरोज गांधींनी, लावून धरला. मुंबईत चौकशी आयोगाची उघड सुनावणी झाली, लोक ती ऐकायला गर्दी करत, आणि 1958 च्या फेब्रुवारीत अर्थमंत्र्यांना जावे लागले.

1967 च्या निवडणुकीत काँग्रेसचे बहुमत घटले. त्यानंतर लोकसभाध्यक्षांनी समितीचे अध्यक्षपद स्वतंत्र पक्षाचे राजकोटचे खासदार मिनू मसानी यांना दिले. मसानी मूळचे मुंबईचे, 1943 साली शहराचे महापौर होते. विरोधी पक्षाचा खासदार अध्यक्ष होण्याचा पायंडा तेव्हापासूनचा. तो पायंडाच आहे, नियम नव्हे. नियम एवढेच सांगतो की सदस्यांपैकी एकाला लोकसभाध्यक्ष नेमतील. या फरकाची किंमत 2021 मध्ये पश्चिम बंगालने पाहिली. भाजपच्या तिकिटावर निवडून आलेले आमदार जूनमध्ये उघडपणे सत्ताधारी पक्षात गेले आणि जुलैत विधानसभेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्ष झाले. कागदोपत्री ते विरोधी पक्षाचेच होते.

अध्यक्ष विरोधी पक्षाचा आणि बहुमत सत्ताधाऱ्यांचे, ही रचना ताणली की काय होते ते 2011 च्या एप्रिलमध्ये दिसले. टू-जी स्पेक्ट्रमच्या, म्हणजे मोबाइल ध्वनिलहरींच्या, वाटपाचा विषय समितीने 2010 मध्येच, कॅगचा अहवाल येण्याआधी घेतला होता. तेव्हा समितीचे अध्यक्ष भाजपचे होते आणि 2024 मध्ये आक्षेप घेणाऱ्या पक्षाला त्यात काही वावगे वाटले नव्हते. नोव्हेंबर 2010 मध्ये कॅगचा अहवाल पटलावर आला, संभाव्य तोट्याचा 1.76 लाख कोटींचा आकडा देशभर झाला, विरोधकांनी संयुक्त संसदीय समितीसाठी आख्खे हिवाळी अधिवेशन रोखले. पंतप्रधानांनी लोकलेखा समितीपुढे येण्याची तयारी दाखवली. मग अध्यक्षांनी अहवालाचा मसुदा बैठकीत ठेवला आणि सत्ताधारी आघाडीच्या व तिला साथ देणाऱ्या पक्षांच्या 11 सदस्यांनी तो फेटाळला. अध्यक्ष उठून गेल्यावर त्यांनी त्याच खोलीत आपला वेगळा अध्यक्ष निवडला. मसुदा लोकसभाध्यक्षांकडे पाठवला गेला, तिथून तो परत आला. सभागृहाचा अहवाल म्हणून तो कधीच नोंदला गेला नाही.

ही घटना टाळता आली असती का, हा प्रश्न मला 2024 च्या वादाइतकाच महत्त्वाचा वाटतो. स्थायी समित्यांच्या अहवालाला असहमतीचे टिपण जोडता येते. वित्तीय समित्यांत ती सोय नाही. त्यामागचा हेतू चांगला होता. पैशाच्या बाबतीत सगळ्यांनी एकमताने बोलावे, म्हणजे खात्यांना पळवाट राहणार नाही. वर्षानुवर्षे हे चालले, कारण कॅगच्या अहवालांतले बहुतेक परिच्छेद यंत्रसामग्री न वापरता पडून राहण्याचे, करवसुलीत चुकांचे, निविदेतल्या उशिराचे असतात आणि त्यावर पक्षभेद होत नाहीत. खात्याने समितीच्या शिफारशींवर सहा महिन्यांत काय केले ते कळवायचे, समितीने त्यावर पुन्हा अहवाल द्यायचा, असे हे दळण अनेक वर्षे शांतपणे चालू आहे आणि त्यातून नियम बदललेही आहेत. पण विषय राजकीय झाला की एकमताची अट अल्पमताचे तोंड बंद करते. 2011 मध्ये 11 सदस्यांना असहमती लिहून देता आली असती, तर मसुदा आणि आक्षेप दोन्ही आज अधिकृत कागदावर असते.

समितीची दुसरी मोठी अडचण कॅगच्या अहवालांच्या वेळेची आहे. डिसेंबर 2018 मध्ये राफेल विमान खरेदीच्या प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात, कॅगचा अहवाल लोकलेखा समितीने तपासला आहे असा उल्लेख आला. समितीच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी असा अहवाल आपण पाहिलाच नसल्याचे जाहीर केले. सरकारला दुरुस्तीसाठी अर्ज करावा लागला, आणि अहवाल प्रत्यक्षात पटलावर आला 13 फेब्रुवारी 2019 रोजी. महाराष्ट्रात तर कॅगचे अहवाल अधिवेशनाच्या अगदी अखेरीस मांडले जाण्याची सवय आमदारांना झालेली आहे. वाचून प्रश्न विचारण्याइतका वेळच उरत नाही. राज्य वीज नियामक आयोगाचे लेखेही 2003 च्या वीज कायद्याप्रमाणे कॅगकडे जातात आणि विधिमंडळापुढे येतात. वीजदरांवर रस्त्यावर जेवढे बोलले जाते त्याच्या तुलनेत त्या लेख्यांवर सभागृहात बोलणे होत नाही. 2024 च्या निवडणुकीनंतर विधानसभेच्या 288 पैकी एक दशांश जागा एकाही विरोधी पक्षाकडे नाहीत, त्यांतल्या सर्वांत मोठ्या पक्षाकडे 20 आहेत. विरोधी पक्षनेत्याच्या वेतनाच्या 1978 च्या कायद्यात एक दशांशाची अट नाही, तरी हे पद देण्याच्या वेळी ती पुढे केली जाते. अशा सभागृहात समितीच्या खोलीला अधिकच महत्त्व येते.

साक्षीला कोणाला बोलवावे याबाबत मतभेद झाला तर नियम 270 प्रमाणे प्रश्न लोकसभाध्यक्षांकडे जातो आणि त्यांचा निर्णय अंतिम असतो. समितीची मुदत दरवर्षी संपते, अपुरा विषय पुढे न्यायचा की नाही हे नव्या समितीला पुन्हा ठरवावे लागते, आणि तेव्हाही तिच्यात बहुमत सत्ताधारी बाजूचेच असते.