डिझेल इंजिन-बदल (जुन्या पिकअप गाड्यांमधील)

जुन्या पिकअप किंवा जीपचे मूळ इंजिन, बहुधा पेट्रोलचे, उतरवून तिथे दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन बसवणे आणि त्याला जुळतील असे क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद ॲक्सलकडे नेणारा दांडा) व डिफरन्शियल (ती ताकद चाकांना वाटणारा ॲक्सलमधला गिअरसंच) उभे करणे. नुसते इंजिन चेसिसवर टेकवले म्हणजे हे काम अर्धेही होत नाही. गाडी पुढे वर्षानुवर्षे चालेल की सहा महिन्यांत गॅरेजच्या कोपऱ्यात पडेल, हे क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागे काय आणि कसे जोडले यावर ठरते.

नागपूर परिसरात या कामाला गिऱ्हाईक मिळण्याची कारणे उघड आहेत. काटोल-नरखेडच्या संत्राबागांतून कळमन्याच्या बाजारात माल आणणाऱ्याला आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून वाट काढणाऱ्याला इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळणारी ओढ हवी असते, आणि ती डिझेल देते. जुन्या विलिज जीपचे २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन चांगले असले तरी तहानलेले असते. जबलपूरच्या वाहन कारखान्यात सैन्यासाठी बनलेल्या जोंगाचे सहा सिलिंडरचे ३,९५६ सीसीचे पेट्रोल इंजिन तर त्याहून खादाड. लिलावात घेतलेली जोंगा पेट्रोलवर पोसणे शेतकऱ्याला परवडत नाही. जून २०१० मध्ये पेट्रोलचे भाव नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या काळात दोन्हींच्या भावातली दरी मोठी होती. आता ती बरीच कमी झाली आहे, त्यामुळे केवळ इंधनाचा खर्च वाचवण्यासाठी हा उद्योग करण्यात पूर्वीइतका अर्थ उरलेला नाही.

निवडीत येणारी इंजिने ठरलेली असतात. टेम्पो ट्रॅक्स व मॅटाडोरमध्ये आलेले मर्सिडीज घराण्यातले २.४ लिटरचे ओएम ६१६, महिंद्राच्या जीपमधले २,११२ सीसीचे प्यूजो एक्सडीपी आणि नंतरचे २,५२३ सीसीचे डीआय. यांतला इंधनपंप यांत्रिक असतो. डिझेल आणि हवा मिळाली की इंजिन चालते. नव्या धाटणीच्या, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या कॉमन रेल इंजिनात ईसीयू (इंजिनाचा संगणक), सेन्सर, इमोबिलायझर (चोरीविरोधी कुलूप) आणि अख्खे वायरिंग सोबत आणावे लागते. कबाड्याकडून नुसते ‘हाफ इंजिन’ उचलून ते काम होत नाही, म्हणून खेडोपाडी राबणाऱ्या गाडीला यांत्रिक पंपाचे इंजिनच बरे.

खरी परीक्षा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर असते. दोन्ही एकाच गाडीचे घेतले तर निम्मा त्रास वाचतो. वेगवेगळे असतील तर लेथवर अडाप्टर प्लेट (दोन्हींमधली जोडपट्टी) बनवावी लागते, आणि इथे अंदाजपंचे चालत नाही. बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या घंटेसारख्या कवचाच्या) भोकाचे केंद्र आणि क्रँकचे केंद्र एका रेषेत हवे. जाणता मिस्त्री फ्लायव्हीलवर (क्रँकच्या मागच्या जड चाकावर) डायल गेज हे काट्याचे मापयंत्र बांधतो, क्रँक हाताने सावकाश फिरवतो आणि काटा किती हलतो ते पाहतो. मिलिमीटरच्या दशांशात मोजण्याजोगा फरकही पुढे नडतो: पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकात गिअरबॉक्सच्या दांड्याला आधार देणारे) खाल्ले जाते, क्लच प्लेटचा मधला हब तुटतो, चालत्या गाडीत गिअर निसटतो. मग दोष गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो. बोल्ट बसले म्हणजे सांधा जमला, असे समजणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नये.

त्यानंतर गुणोत्तराचा हिशेब. सीजे-३बी जीपच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर ५.३८ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टच्या ५.३८ फेऱ्या. टायरचा परीघ २.३ मीटर धरला आणि टॉप गिअर थेट (इंजिन आणि शाफ्टच्या फेऱ्या सारख्या) असला, तर इंजिनाच्या ३,००० फेऱ्यांना वेग ताशी सुमारे ७७ किलोमीटर येतो. जुने डिझेल इंजिन त्यापुढे फार फिरवता येत नाही, मग हमरस्त्यावर गाडी नुसती ओरडत राहते. डिफरन्शियलमध्ये ४.२७चे क्राऊन-पिनियन (दातेरी चाकांची जोडी) टाकले की तेवढ्याच फेऱ्यांना वेग ९७ वर जातो. फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर पुढचे-मागचे दोन्ही डिफरन्शियल एकाच गुणोत्तराचे हवेत. नाहीतर कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लावताच दोन्ही ॲक्सल एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्सफर केस (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणारी पेटी) फुटू शकते.

डिझेल इंजिनाचे संपीडन गुणोत्तर (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते) साधारण १७ ते २२ असते, जुन्या पेट्रोलचे ७च्या आसपास. म्हणून डिझेलचा ब्लॉक जाड आणि जड. पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांना एखादे पान वाढवावे लागते, माउंटिंगचे रबर त्याच इंजिनाचे घ्यावे लागते, आणि चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) पुढच्या ॲक्सलला खड्ड्यात आपटत नाही ना, हे पाहूनच ब्रॅकेट वेल्ड करायचे. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. हिवाळ्यात नीट चालणारी गाडी तेव्हा मालासह चढावर उकळते, कारण रेडिएटर जुन्या इंजिनाचाच ठेवलेला असतो. मोठा कोअर, पंख्याभोवती श्राउड (हवा रेडिएटरमधूनच ओढणारे कडे) आणि चालू स्थितीतला तापमान मीटर यांवर पैसे वाचवू नयेत.

ब्रेकचे एक पथ्य आहे. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) नसतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळकांड्यात) ब्रेकचे पेडल हलके करणाऱ्या बूस्टरला पुरेल असा व्हॅक्यूम तयार होत नाही. बूस्टर असलेल्या गाडीत व्हॅक्यूम पंप, बहुतेकदा अल्टरनेटरच्या मागे बसवलेला, नसला तर पेडल दगडासारखे होते. टाकीकडे परतीची नळी, पाणी वेगळे करणारा फिल्टर, हीटर प्लगची (थंड इंजिन सुरू करायला सिलिंडर तापवणाऱ्या) वायर, मोठी बॅटरी आणि इंजिन बंद करायला स्टॉपर ही बाकीची जोडणी.

कायदा या कामाच्या बाजूने नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीतून आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून गाडी एमएच-३१ची असो, ग्रामीणची एमएच-४० वा पूर्व नागपूरची एमएच-४९, इंजिन विकत घेण्याआधी आरटीओत विचारणे आणि मिळेल ते लेखी घेणे शहाणपणाचे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करताना इंजिन आणि चेसिस क्रमांक कागदाशी ताडले जातात. मंजुरी नसलेले इंजिन तिथे उघडे पडते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीही तोच क्रमांक तपासते.